एकशे दहाच्या आत

आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या भाच्याला नुकतंच हृदयाच्या स्नायूला सूज आल्याचं निदान झालं. मुलगा सत्तावीस वर्षांचा, फुटबॉल खेळणारा. "तुम्ही यातून गेलायत, त्याला चार गोष्टी लिहून द्या," असं बाई म्हणाल्या, म्हणून लिहायला बसले. औषधं, तपासण्या आणि त्यांची लांबलचक नावं त्याला त्याचे डॉक्टर सांगतील. उरलेलं तो फोनवर शोधेल आणि स्वतःला घाबरवून घेईल. मी लिहिणार आहे ते मला तेव्हा कुणीच सांगितलं नव्हतं. आजारपणात भीती वाटते, रडू येतं, देव आठवतो, हे सगळेच सांगतात. जळफळाट होतो, हे कुणी सांगत नाही. मला भीतीपेक्षा तोच जास्त झाला. त्यापायी मी एक गोष्ट केली आणि ती सांगितल्याशिवाय बाकीचं लिहिण्यात काही अर्थ नाही.

मी आता बरी आहे, हे आधीच सांगून टाकते. वाचणाऱ्याचा जीव उगाच टांगणीला नको.

आधीची मी

मी वृंदा, वय चव्वेचाळीस. ऊद मेथाच्या एका शाळेत नववी-दहावीला फिजिक्स शिकवते आणि शारजाला अल मजाजमध्ये राहते, म्हणजे आयुष्याचा बराच भाग दुबई-शारजाच्या ट्रॅफिकमध्ये बसून काढते. नवरा समीर एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीच्या खरेदी विभागात आहे. मुलगी सई तेरा वर्षांची. तिच्याशी मराठीत बोललं की उत्तर इंग्रजीत येतं.

घरात सायकल आणली ती मी. आम्ही आठ मराठी माणसं दर शनिवारी पहाटे अल कुद्राच्या वाळवंटातल्या ट्रॅकवर जमतो. त्यात सगळ्यांत ज्येष्ठ मोहिते काका. अजमानला त्यांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे आणि साठीला टेकले तरी पाय लोखंडाचे आहेत. पण पुढे राहून सगळ्यांचा वेग ठरवायचं काम माझं होतं. लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये माणूस शेवटी दमतो असं वाटतं, पण तसं नसतं. तो पहिल्या तासातच दमलेला असतो, फक्त ते त्याला शेवटी कळतं. सकाळी हवा गार असते, पाय ताजे असतात, वारा पडलेला असतो आणि आपण फार शहाणे आहोत असं वाटत असतं. अकरानंतर समुद्राकडून वारा सुटतो, वाळू ट्रॅकवरून आडवी धावायला लागते आणि शहाणपणाचा हिशोब होतो.

म्हणून आमच्यात एक पद्धत होती. मोठ्या राइडच्या आदल्या दिवशी मी प्रत्येकासाठी पांढऱ्या चिकटपट्टीवर काळ्या मार्करने एक आकडा लिहायचे. हृदयाचे ठोके मिनिटाला त्या आकड्याच्या वर जाऊ द्यायचे नाहीत, एवढाच नियम. पट्टी सायकलच्या दांड्यावर डोळ्यांसमोर चिकटवायची. प्रत्येकाचा आकडा वेगळा असायचा आणि तो मला पाठ होता. काका म्हणायचे, माझं हृदय माझ्या बायकोपेक्षा वृंदाला जास्त माहीत आहे.

समीर या ग्रुपमध्ये आला तो माझ्या कटकटीला कंटाळून. पोट सुटलेला, धापा टाकणारा आणि कायम शेवटचा. त्याची वाट बघण्यात माझा करक, म्हणजे इथला कडक दुधाळ चहा, गार व्हायचा आणि तसं मी चारचौघांत बोलूनही दाखवायचे. तो हसायचा. आता वाटतं, माझ्या सुखात त्याच्या शेवटच्या नंबराचा वाटा फार मोठा होता.

पट्टा खराब आहे

सप्टेंबरात शाळेत तापाची साथ आली, मलाही तीन दिवस ताप होता. चौथ्या दिवशी उतरला. पाचवा दिवस शनिवार. जानेवारीत ग्रुपची दीडशे किलोमीटरची राइड होती, वर्षभर मी तिची तयारी करत होते. दोन पॅरासिटामॉल घेतल्या आणि गेले.

छातीला ठोके मोजणारा पट्टा बांधला होता. सपाट रस्त्यावर, रमतगमत चालवताना एरवी माझे ठोके एकशे वीसच्या आसपास असतात. त्या दिवशी आकडा दिसला एकशे बहात्तर. मी काय केलं असेल? थांबून विचार केला? नाही. पट्टा खराब आहे असं ठरवलं. बाजूला थांबून तो जिभेने ओला केला, कारण कोरड्या कातडीवर तो चुकीचं दाखवतो. तरी एकशे बहात्तर. सॅडलखालच्या पिशवीतली नवी बॅटरी घातली. एकशे चौऱ्याहत्तर. मग समीरचा पट्टा मागून घेतला. तोही तेच सांगायला लागला, तेव्हा मी दोन्ही पट्ट्यांना शिव्या घातल्या आणि काढून खिशात टाकले. काका म्हणाले, वृंदा, आज राहू दे. मी म्हटलं, काका, ही इथली दमट हवा आहे, बाकी काही नाही. आणि चाळीस किलोमीटर सगळ्यांच्या पुढे राहून वारा अंगावर घेतला.

जी बाई वर्गात मुलांना सांगते की दोन वेगळ्या उपकरणांनी एकच आकडा दाखवला तर शंका उपकरणावर घ्यायची नसते, तिने हे केलं. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की त्या चाळीस किलोमीटरनी सुजलेल्या हृदयाला चांगलंच झोडपलं होतं.

निदान

सोमवारी शाळेत दुसऱ्या मजल्यावर जाताना मी जिन्यातच बसले. मुलं बाजूने वाट काढत गेली, एकाने "गुड मॉर्निंग मॅम" म्हटलं. आडवं झालं की छातीत दुखायचं, पुढे वाकून बसलं की कमी व्हायचं. संध्याकाळपर्यंत मी त्याला अ‍ॅसिडिटी म्हणत होते. समीरने ऐकलं नाही, गाडीत घातलं आणि हॉस्पिटलला नेलं. रस्त्यात मी त्याच्यावर चिडचिड केली, पेपर तपासायचे राहिलेत म्हणून.

डॉक्टर इजिप्तचे होते, जाडजूड, हळू बोलणारे. रक्त, ईसीजी, मग विम्याची मंजुरी येईपर्यंत दीड दिवस थांबून हृदयाचा एमआरआय. रिपोर्ट हातात घेऊन ते पलंगाशी खुर्ची ओढून बसले, तेव्हाच मला कळलं की बातमी उभ्याने सांगण्यासारखी नाही. ताप आणणाऱ्या विषाणूने हृदयाच्या स्नायूला सूज आणली होती. बहुतेक लोक बरे होतात, म्हणाले, पण सूज असताना हृदयाला पळवलं तर ते एखाद्या दिवशी लय सोडतं आणि मग सांगता येत नाही. सहा महिने सायकल नाही, धावणं नाही, जड उचलणं नाही. हळू चालायचं. ठोके एकशे दहाच्या आत. "शुवय शुवय," म्हणाले, म्हणजे हळूहळू. हे दोन शब्द मी त्या आठवड्यात इतक्यांदा ऐकले की झोपेतही ऐकू यायचे.

मी बोटांवर महिने मोजले. सप्टेंबर ते मार्च. जानेवारी मधेच होता. मरणाची भीती मागाहून आली, खरं सांगते. आधी जानेवारी गेला याचं रडू आलं.

त्या वेळी समीर माझा हात धरून म्हणाला, "तू काळजी करू नकोस. तुझी जागा मी भरून काढतो."

बिचाऱ्याला दिलासा द्यायचा होता.

वॉर्ड

आठ दिवस होते तिथे. सकाळी सहाला रक्त, सातला नाश्ता, आठला सफाई, नऊला डॉक्टरांची फेरी आणि मग दिवसभर छताकडे बघायचं. डोक्याशी मॉनिटर होता. मी शिंकले तरी आकडा उडी मारायचा आणि तो उतरेपर्यंत मी डोळे मिटायचे नाही.

सिस्टर लिसी म्हणून कोट्टायमची नर्स होती. तिच्याशी मी मोडक्या हिंदीत बोलायचे, ती त्याहून मोडक्या हिंदीत उत्तर द्यायची. तिसऱ्या दिवशी तिने काही न बोलता मॉनिटर माझ्याकडून भिंतीकडे वळवून ठेवला. "आप टीचर है ना? इधर मार्क्स मैं देखेगी. आप सो जाओ." त्या रात्री मी पहिल्यांदा सलग झोपले. तुम्हालाही अशी कुणी भेटली तर तिचे नाव घेऊन आभार माना, मी घाईत मानायला विसरले.

जळफळाट तिथेच सुरू झाला. समोरच्या पलंगावरची बाई स्वतःच्या पायांनी बाथरूमला जायची, मला व्हीलचेअर. मला तिचा राग यायचा, तिच्या पित्ताशयात खडे असूनही. दोन हातांत दोन बादल्या घेऊन जाणाऱ्या सफाईवाल्याकडे मी टक लावून बघायचे. चोवीस तास काम करून थकलेला माणूस तो, आणि मी त्याच्या खांद्यांवर जळत होते.

खिडकी

घरी आल्यावर तर विचारू नका. अकराव्या मजल्यावरची आमची खिडकी खालिद लगूनवर उघडते. लोकांना तिथलं पाणी दिसतं. मला दिसायचे ते पाण्याभोवती पळणारे लोक. बाबागाडी ढकलत पळणारी बाई, सत्तरीचे गृहस्थ, डिलिव्हरीवाले. सगळे पळतात. सगळ्यांची हृदयं धडधाकट आहेत आणि त्यांना त्याचं काही नाही.

पण हे सगळे परके. खरी आग घरात होती.

समीरने मनावर घेतलं. आठवड्यातून चार दिवस सायकल. आधी मला बरं वाटलं, निदान घराबाहेर जातोय, माझ्या उशाशी बसून दर दहा मिनिटांनी पाणी हवंय का विचारत नाही. नोव्हेंबरपर्यंत त्याचं सात किलो वजन उतरलं. शेजारच्या भाभी लिफ्टमध्ये मला म्हणाल्या, भाईसाब कितने स्मार्ट लग रहे है, आणि मग माझ्याकडे बघून, आप भी आराम करके थोडी भर गयी हो, अच्छा लगता है. मी हसले. अंगाचा तिळपापड झाला होता, पण हसले.

तो पहाटे निघताना बूट हातात घेऊन चवड्यांवर जायचा, मी जागी होऊ नये म्हणून. सायकलचे कपडे माझ्या डोळ्यांना दिसू नयेत म्हणून बाल्कनीत चादरीमागे वाळत घालायचा. या जपण्याचा मला त्याच्या जाण्यापेक्षा जास्त राग यायचा. चोरून करण्यासारखं काय होतं त्यात? आणि उघड केलं असतं तर मी काय केलं असतं, तेही मला माहीत होतं.

जेवताना तो बोलायचा ते माझे शब्द. पहिला तास राखून चालवायचा. तहान लागायच्या आधी प्यायचं. चढावर श्वासाकडे लक्ष. दहा वर्षं मी हेच सांगत होते, तेव्हा हा भाजीत मीठ कमी आहे म्हणायचा. आता माझंच शहाणपण तो मला ताटात वाढत होता. एकदा अगदी निरागसपणे म्हणाला, बसल्या जागी माझे ठोके आता अठ्ठावन्न असतात. माझे पूर्वी बावन्न असायचे. मी उठून भांडी घासायला घेतली आणि इतकी आदळआपट केली की मनगटावरचं घड्याळ वाजलं. एकशे दहा ओलांडले की ते वाजायचं. सई हेडफोन काढून म्हणाली, "आई, यू आर जेलस ऑफ बाबा. इट्स सो ऑब्व्हियस."

मी म्हटलं, गप बस आणि अभ्यास कर. तेरा वर्षांच्या पोरीला दिसलं ते समीरला दिसत नव्हतं, किंवा त्याला ते बघायचं नव्हतं.

डिसेंबरात त्याने विचारलं, तुझी हलकी चाकं राइडसाठी घेऊ का. घे ना, म्हटलं, पडूनच आहेत.

चिकटपट्ट्या

राइड शनिवारी होती. मी पुन्हा शिकवायला लागले होते. शुक्रवारी शाळा अर्धा दिवस, दुपारी घरी आले आणि जेवणाच्या टेबलावर पट्ट्या लिहायला बसले. या वर्षी आठाऐवजी सात. सायकल सुटली तरी हे काम माझ्याकडे राहिलं होतं, कारण दुसऱ्या कुणाला ते येत नव्हतं.

आजारानंतर मी सगळ्यांच्या कानीकपाळी एकच गोष्ट ओरडत होते. शरीराचं ऐकू नका, शरीर उत्साहात खोटं बोलतं. आकडा खोटं बोलत नाही. मी आकड्यावर विश्वास ठेवला नाही, माझं काय झालं बघा. सगळे गंभीरपणे माना डोलवायचे, समीर सगळ्यांत जास्त.

काकांचा एकशे अडतीस. बाकीच्या पाच जणांचे लिहिले. समीरचा आकडा मला नीट माहीत होता, एकशे बेचाळीस. त्याच्या आत राहिला तर तो सात तास आरामात चालवेल आणि दीडशे किलोमीटर हसत पूर्ण करेल. माझ्याविना, माझ्या चाकांवर. मग वर्षानुवर्षं सांगितलं जाईल, ज्या वर्षी वृंदा आजारी होती त्या वर्षी समीरने केली.

मी एकशे छप्पन्न लिहिलं.

हात चुकला नाही. पाच शांतपणे काढला, मग सहा. फार मोठा फरक नाही, असं मनाशी म्हटलं, पण मी त्यातली माहीतगार आहे. एकशे छप्पन्नने तो पहिली फेरी सुरेख मारणार आणि शंभराव्या किलोमीटरच्या पुढे कुठेतरी, वारा सुटला की, संपणार. कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. त्याला इजा व्हावी असं मला मुळीच वाटत नव्हतं. त्याला जमू नये एवढंच वाटत होतं. सगळे पुढे जात होते आणि खेळाबाहेर, बाकावर मी एकटी होते. मला शेजारी कुणीतरी बसायला हवं होतं, आणि तो माझा नवरा होता.

त्याने पट्टी घेतली, वाचली, क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग सायकलच्या दांड्यावर अंगठ्याने घासून घासून चिकटवली.

दीडशे किलोमीटर

ट्रॅकच्या सुरुवातीला पार्किंगमध्ये मी घडीची खुर्ची टाकून बसले होते. शेजारी चहाचा थर्मास, खजूर, केळी, राजगिऱ्याचे लाडू. धुकं होतं. काका "यल्ला", म्हणजे चला, म्हणाले आणि सातही जण त्यात दिसेनासे झाले.

पहिल्या फेरीनंतर ते परत आले तेव्हा समीर काकांच्या पाठोपाठ होता. तिसरा. आयुष्यात पहिल्यांदा तो शेवटचा नव्हता. चेहरा लाल, डोळे चमकत होते. बाकीचे उतरून लाडू खात होते, हा उभ्या उभ्या पाणी प्यायला आणि म्हणाला, नको, खाऊन जड होतं, लय जाईल. उपाशी जाऊ नये हे मी त्याला शंभर वेळा सांगितलेलं.

तेव्हा मी बोलू शकले असते. मार्कर पर्समध्येच होता. एक रेघ मारून नवा आकडा लिहायचा, कुणी विचारलं असतं तर चूक झाली म्हणायचं. मी काय म्हटलं? "छान चाललायस."

अकराला वारा सुटला. टोप्या उडायला लागल्या, खुर्चीच्या पायांशी वाळू साचली. पावणेबाराला काकांचा फोन.

"वृंदा, घाबरू नकोस. समीर खाली बसलाय. पायांत गोळे आलेत, उलटी झाली. आणि छातीत धडधडतंय म्हणतो. अ‍ॅम्ब्युलन्स बोलवू नका म्हणतोय. तू तिथेच थांब, आम्ही बघतो."

छातीत. कुठे आहात, एवढंच मी विचारलं. ते पार्किंगपासून साधारण दीड किलोमीटरवर होते. ट्रॅकवर गाडी नेता येत नाही. मी चालायला लागले.

चालत

चालायला लागले म्हणजे पळत सुटले, आणि वीस पावलांत घड्याळ वाजलं. एकशे चौदा.

थांबले. या आजारात थांबणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. नवरा पुढे वाळवंटात छाती धरून बसलाय आणि तुम्ही भर उन्हात उभं राहून आकडा उतरायची वाट बघायची. एकशे बारा. एकशे नऊ. एकशे चार. मग निघायचं, समोरून वारा, तोंडात वाळू, शंभर पावलं झाली की पुन्हा घंटी, पुन्हा उभं. आकड्याकडे न बघता धावावं असं प्रत्येक वेळी वाटायचं. पण मी रस्त्यात पडले असते तर काकांना दोघांना उचलावं लागलं असतं आणि सई एकटी घरी होती.

एरवी सायकलवर हे अंतर मी तीन मिनिटांत कापते. त्या दिवशी चाळीस लागली. त्यातली निम्मी मी नुसती उभी होते आणि उभं राहिलं की विचार येतात. काल दुपारी मी माझा आजार हाताने लिहून त्याला दिला, हा विचार आला. देवाशी सौदे केले. मार्चचा रिपोर्ट वाईट येऊ दे, सायकल कायमची जाऊ दे, पण त्याला नुसती धाप लागलेली असू दे. चार महिन्यांत पहिल्यांदाच मला माझ्यासाठी काही नको होतं.

तो एका घाफच्या झाडाखाली खोडाला टेकून बसला होता, बूट काढलेले, चेहऱ्यावर मिठाचे पांढरे ओघळ. काका टोपीने वारा घालत होते. मी त्याचं मनगट धरलं आणि मोजलं. शहाण्णव. एकसारखे, न अडखळणारे. पुन्हा मोजलं. चौऱ्याण्णव. उपाशी पोटी स्वतःला पिळून काढलेल्या माणसाचे ठोके, त्यापलीकडे काही नाही. मी त्याला मीठ-साखरेचं पाणी पाजलं, लाडूचे तुकडे करून भरवले. संध्याकाळी डॉक्टरांना दाखवायचंच, असं काकांना सांगितलं. काका बाकीच्यांना कळवायला पुढे गेले.

मी त्याच्या शेजारी खाली बसले. हवी होती तशीच जागा, आम्ही दोघं बाकावर.

"समीर, पट्टीवरचा आकडा बरोबर नाही."

"म्हणजे?"

"तुझा एकशे बेचाळीस आहे. मी एकशे छप्पन्न लिहिला. मुद्दाम."

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. सायकल समोर आडवी पडली होती, तिच्याकडे बघत राहिला. ओरडेल असं मला वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"काल तू ती पट्टी दिलीस ना," तो म्हणाला, "तेव्हा मला वाटलं, वृंदाला वाटतंय मला एवढं जमेल."

त्याने वाकून पोटरी चोळली.

"सत्तर किलोमीटरनंतरच पाय गेले होते. दोनदा वाटलं, वेग कमी करावा. पण म्हटलं, तिने लिहिलंय म्हणजे माझ्यात असणार. मला दिसत नसेल, तिला दिसत असेल."

फुटबॉलवाल्या मुला, तुझी माझी ओळख नाही, पण हे तुझ्यासाठीच लिहिलंय. पुढच्या सहा महिन्यांत तुझी टीम तुझ्याशिवाय खेळेल आणि जिंकेलही. तुझ्या पोटात दुखेल. दुखू दे, त्यात तुझा दोष नाही. पण ज्याच्यावर जळशील त्याला त्याच दिवशी तोंडावर सांगून टाक, अरे, मला तुझा फार हेवा वाटतोय. मी नोव्हेंबरात भांडी आपटायच्या ऐवजी एवढं एक वाक्य बोलले असते, तर समीर हसला असता आणि विषय तिथेच संपला असता. मार्चमध्ये माझा रिपोर्ट चांगला आला. मी पुन्हा सायकल चालवते. पण तो एकदा जे मानून चालला होता, ते परत मानायला त्याला फार वेळ लागतोय, आणि त्याची घाई करायचा हक्क मला नाही.

त्या दुपारी आम्ही परत निघालो. तो अनवाणी, सायकल ढकलत पुढे. मी चार पावलं मागे. तो मान वळवून बघत नव्हता. त्याची चाल नेहमीची होती, मला ती जास्तच होत होती, पण थांब म्हणायला माझं तोंड नव्हतं. थोड्याच वेळात घड्याळ वाजलं. मी उभी राहिले. आता हा जाईल, असं वाटलं, आणि गेला असता तर मी काही म्हटलं नसतं.

तो थांबला. पाठ माझ्याकडेच, हात हँडलवर, नजर समोर रस्त्यावर. माझा आकडा उतरेपर्यंत तसाच उभा राहिला आणि माझी पावलं वाजल्यावर मग पुढे निघाला. पार्किंगपर्यंत घड्याळ नऊ वेळा वाजलं. नऊही वेळा तो थांबला.